सुपिरियरच्या काठी सव्वा मूठ

सुपिरियर सरोवर मी एकतीस वर्षं फळ्यावर खडूनं काढलं. भडगावच्या शाळेत भूगोल शिकवताना उत्तर अमेरिका आली की आधी पाच मोठी सरोवरं काढायची, आणि त्यातलं सगळ्यात वरचं, सगळ्यात मोठं हे. लांडग्याचं तोंड काढा, म्हणजे सुपिरियर झालं, असं मी पोरांना सांगायची. नाक पश्चिमेकडे. त्या नाकाच्या शेंड्यावर एक ठिपका द्यायचा आणि लिहायचं : डुलुथ, लोहखनिजाचं बंदर. बाकी त्या डुलुथशी आपला काय संबंध! पण माझ्या थोरल्या जावेचा मुलगा हेमंत इंजिनियर होऊन नेमका त्याच ठिपक्यावर जाऊन बसला. बसला तो बसला, तिथलीच मुलगी करून मोकळा झाला. लग्न कोर्टात केलं आणि दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं.

माझ्या या जावेला सगळं गाव अक्का म्हणतं. वय चौऱ्याहत्तर, बोलणं खणखणीत आणि राग त्याहून खणखणीत. तिनं फोन ठेवला आणि चार वर्षं सुनेचं नाव तोंडातून काढलं नाही. व्हिडिओवर सून हात हलवायची, अक्का पण हात हलवायची, तो मात्र माशी उडवल्यासारखा.

तर यंदा श्रावणात ही अक्का एकदम म्हणाली, "कानबाई यंदा हेमंताकडे बसेल. घरातला थोरला मुलगा सहा वर्षं पूजेला आला नाही. तो येत नाही तर बाई त्याच्याकडे जाईल. सुमन, तू चल माझ्याबरोबर, तुला इंग्रजी येतं." इंग्रजी नसतं तरी मी गेलेच असते. फळ्यावरचं सरोवर डोळ्यांनी बघायला मिळत होतं!

खानदेशाबाहेरच्यांना कानबाई माहीत नसेल, म्हणून दोन शब्दांत सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर ही देवी बसते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर जाते. देवी म्हणजे नारळ. त्याला डोळे, नथ, वस्त्र. आमचा नारळ पिढीजात आहे, तो नदीत बुडवून परत घरी आणायचा. आणि नैवेद्याचे रोट. आमच्या घरची रीत अशी, की घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू घालायचा. एवढ्याच पिठाच्या पुरणपोळ्या करायच्या. त्या घरच्यांनीच खायच्या, बाहेरच्याला घास द्यायचा नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही, कारण तिची मूठ आता सासरच्या गव्हात. थोडक्यात, ज्याची मूठ पडली तो घरचा आणि ज्याची नाही पडली तो पाहुणा.

आता कळलं ना, घोडं कुठं अडलं होतं ते? विमानातून गहू नेता येत नाही, पीठ नेता येतं, असं हेमंतनं सांगितलं होतं. म्हणून अक्कानं मुठी भडगावातच मोजल्या, नेहमीसारखं दार लावून, कोणी टोकू नये म्हणून. गिरणीवाल्याला गिरणी धुवायला लावली आणि पीठ दळून आणलं. त्या पिठात सुनेची मूठ होती की नव्हती, हे एका अक्कालाच माहीत होतं.

डुलुथ, बुधवार

मोठ्या विमानतळावर कस्टमच्या बाईनं आमच्या दोन्ही पिशव्या उघडल्या. एक कानबाईच्या पिठाची, लाल नाडा बांधलेली. दुसरी रोजच्या पोळ्यांची. दोन्ही मीच एका जुन्या चादरीच्या शिवलेल्या. बाई भली होती. तिनं नारळ कानाशी धरून हलवून बघितला, वाद्य आहे का विचारलं, मी देव आहे म्हटल्यावर घाईघाईनं दोन्ही हातांनी परत दिला, आणि पिशव्यांना आपल्या हातानं नाडा बांधून दिला. मी थँक्यू म्हणून पुढं झाले. हे ध्यानात ठेवा.

विमानतळापासून डुलुथपर्यंत दोन-अडीच तासांची वाट आहे. शेवटी गाडी एक टेकडी चढते आणि पलीकडे उतरायला लागते, तेव्हा समोर एकदम निळंच निळं. मी तर "अगं बाई!" एवढंच म्हणाले. अक्कानं काचेला नाक लावलं.

"हेमंता, हाऊ तर समुद्र शे. तलाव कोठे शे?"

"आई, हाच तलाव."

"मंग पलीकडनं गाव काब्र दिसत नही?"

हेमंत हसला. पलीकडचं गाव का दिसत नाही, हे बरोबरच विचारत होती ती. आम्ही गिरणा धरणाची माणसं. भरलेलं धरण बघायला गाडी करून जाणारी. आमचं मोठ्यात मोठं पाणी ते, आणि त्याला पलीकडचा काठ असतो. मी मनात हिशेब केला. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीनही जिल्हे धरून जो खानदेश होतो, तसे तीन खानदेश या सरोवरात बुडतील आणि वर जागा उरेल. खोली अशी, की पाच कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी वरच्याचं टोक दिसणार नाही. पृथ्वीच्या पाठीवर नद्या-तळ्यांत जेवढं गोडं पाणी आहे, त्याचा दहावा हिस्सा इथं एका जागी साठलेला. ही सगळी वाक्यं मी हजार वेळा बोलले होते. पण बोलताना मला त्यातलं काहीही कळलेलं नव्हतं, हे मला त्या उतारावर कळलं.

अक्कानं घरी जायच्या आधी काठावर गाडी थांबवायला लावली. चपला काढल्या, गोट्यांवरून लुगडं सावरत गेली, ओंजळ भरली आणि चाखलं. मग मागं वळून ओरडली, "पानी गोड शे व सुमन!" जणू मी तिला इतकी वर्षं थापा मारत होते. लगेच ओंजळ टाकून तिनं हात झटकले. भर ऑगस्टात पाणी असं गार, की हाडं दुखावीत.

घराच्या दारात लीना उभी होती, हेमंतची बायको. उंच, रुंद खांद्यांची, हातही चांगले मोठे. शाळेत मुलांना सुतारकाम शिकवते. तिनं वाकून नमस्कार केला, आणि तो इतका नीट केला की सराव केलेला कळत होता. अक्कानं "सुखी ऱ्हाय" म्हटलं आणि नारळाची पेटी घेऊन आत गेली. लीनानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चांगलं झालं." काय म्हणणार दुसरं?

संध्याकाळी सगळे बंदरावर गेलो. तिथला पूल बघण्यासारखा आहे. जहाज आलं की पुलाचा मधला अख्खा रस्ता उचलल्यासारखा सरळ वर जातो. जहाज लांब भोंगा देतं आणि पूलही भोंगा देऊन उत्तर देतो. लालसर मातीनं माखलेलं, पाव किलोमीटरहून लांब जहाज आमच्या समोरून हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून गेलं. आत लोखंडाचं खनिज. खाली सरोवरामागून सरोवर ओलांडत ते पोलादाच्या कारखान्यांकडे जातं. अक्का म्हणाली, "पूल बोलस!" आणि तीन जहाजं होईपर्यंत हलली नाही.

तिचं तिकडं लक्ष आहे बघून हेमंतनं मला बाजूला घेतलं. "काकू, खरं सांगा. आईनं लीनाची मूठ घातलीय का?"

"मला नाही माहीत रे. दार लावलं होतं."

"लीनाला मी सगळं सांगून ठेवलंय. ती रोज विचारते. रविवारी तिला ताट वाढलं नाही तर मी काय करू? तिच्याच घरात तिला पाहुणी म्हणून बसवू?"

चाळिशीचा माणूस, पण आवाज अगदी लहान झाला होता. मला त्याचा राग पण आला आणि कीवही आली. म्हटलं, "लग्न फोनवर कळवताना हे सुचलं नव्हतं का?" मग वाईट वाटलं आणि त्याला आईस्क्रीम घ्यायला लावलं.

उत्तर किनारा, गुरुवार

लीनाची आई हेलेन तीन गल्ल्या सोडून राहते. अडुसष्ट वर्षांची, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त. तिचे वडील त्या खनिजाच्या जहाजांवर होते आणि आजी-आजोबा फिनलंडहून आलेले. तिनं आम्हाला आणि लीनाला आपल्या गाडीतून उत्तर किनाऱ्याला नेलं. डाव्या हाताला देवदार जातीची झाडं, उजव्या हाताला सरोवर, मधूनमधून डोंगरावरून उड्या मारत येणाऱ्या तांबूस पाण्याच्या नद्या.

एका जागी उतरलो आणि मी थबकलेच. काळा कातळ! भोकाभोकांचा, कुठं कुठं लालसर. हा तर आपला दगड, अजिंठ्याच्या डोंगराचा. ज्वालामुखीचा लाव्हा थंड होऊन झालेला बेसॉल्ट. मी हेलेनला सांगितलं तर ती म्हणाली, हो, इथं जमीन फाटून लाव्हा वाहिला होता, एकशेदहा कोटी वर्षांपूर्वी. आपला दख्खनचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे हा आपल्या दगडाचा खापरपणजोबा. त्या जड लाव्ह्याच्या भारानं जमीन मध्ये खचली, आणि मग हिमयुगात बर्फाचे मैलमैल जाड थर त्या खचलेल्या जागेवरून सरकत गेले आणि त्यांनी ती आणखी कोरली. दहा-बारा हजार वर्षांपूर्वी बर्फ वितळून मागं हटला, आणि जे पाणी मागं राहिलं ते हे सरोवर. नद्यांनी आलेला एक थेंब इथून बाहेर पडायला जवळजवळ दोनशे वर्षं लागतात. मी वर्गात सांगायची तसं हातवारे करून अक्काला सांगितलं. अक्का म्हणाली, "मंग हाई पानी सावकार शे, घाईच नही."

माझं एक पितळ मात्र तिथं उघडं पडलं. सुपिरियर म्हणजे श्रेष्ठ, असं मी एकतीस वर्षं शिकवलं. हेलेन म्हणाली, फ्रेंच लोक खालून होड्यांनी आले, त्यांनी याला नुसतं "वरचं सरोवर" म्हटलं. श्रेष्ठबिष्ठ काही नाही. भडगावातल्या माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांची मी इथून जाहीर माफी मागते.

त्याच्याही आधीचे लोक ओजिब्वे. ते याला गिचीगामी म्हणतात, म्हणजे मोठं पाणी, मोठा समुद्र. त्यांच्या जुन्या सांगण्यात असं आहे, की पूर्वेकडून चालत या, आणि जिथं अन्न पाण्यावर उगवतं तिथं थांबा. ते अन्न म्हणजे इथला रानभात, आसपासच्या उथळ तळ्यांत आपोआप येतो. अजूनही ते लोक होडीत बसून काठीनं ओंब्या झोडून दाणे होडीत पाडतात आणि थोडे मुद्दाम पाण्यात पडू देतात, पुढच्या वर्षासाठी. गोऱ्यांनी आधी इथून बीव्हर नावाच्या प्राण्याची कातडी नेली, युरोपातल्या टोप्यांसाठी. मग तांबं, मग लाकूड, मग लोखंड. ओजिब्वे लोकांच्या जमिनी कागदावर सह्या घेऊन गेल्या. हेलेन हे सांगताना इकडेतिकडे न बघता सरळ सांगत होती, ते मला आवडलं.

दुपारी रस्त्यालगतच्या टपरीवर सगळे धुरावलेला मासा खात होते. वास असा, की माझ्या तोंडाला पाणी सुटलं, पण श्रावण! आम्ही दोघींनी त्याच रानभाताचं सूप घेतलं. अक्कानं दोन चमचे खाल्ले, पिशवीतून लसणाची चटणी काढली, सुपात ढवळली आणि वाटी चाटूनपुसून साफ केली. हेलेननं ती चटणी मागितली आणि खाऊन पाच मिनिटं डोळे पुसत बसली. अक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि हसतही होती. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता.

मग दगड वेचणं. लाव्ह्याच्या भोकांत तयार झालेले लाल पट्ट्यांचे अकीक लाटांबरोबर काठावर येतात, आणि ते शोधायचं इथल्या लोकांना वेडच आहे. लीना गुडघाभर पाण्यात उभी राहून दाखवत होती : ओला दगड उन्हाकडे धरायचा, आतून उजळला की अकीक. अक्काला हे फार पटलं. तासभर ती त्या बर्फासारख्या पाण्यात हात घालून बसली. मी म्हटलं, अक्का, संधिवात आहे तुम्हाला. तर म्हणते, "तू गप ऱ्हाय." सात अकीक मिळाले तिला. शेवटचा सगळ्यात मोठा लीनाला दिसला होता. तिनं तो उचलला नाही, नुसतं बोट दाखवलं आणि अक्काला काढू दिला. अक्कानं काढला, बघितला, आणि पदरात टाकला.

डुलुथ, शनिवार

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

शनिवारी सकाळी अक्का आंघोळ करून, ओल्या केसांनी स्वयंपाकघरात आली. म्हणाली, "सुमन, बाईचं पीठ दे, चाळून ठेवते." मी लाल नाड्याची पिशवी दिली. तिनं उघडली, वास घेतला, पीठ चिमटीत धरलं.

"हे तुझं रोजच्या पोळ्यांचं पीठ आहे. हे गिरणा काठच्या गव्हाचं नाही."

मी कप्पे उघडून बघितले. दुसरी पिशवी खालच्या कप्प्यात होती. जवळजवळ रिकामी. त्या कस्टमच्या बाईनं लाल नाडा बांधला होता तो चुकीच्या पिशवीला. आणि मी बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तीन दिवस कानबाईच्या पिठाच्या पोळ्या लाटल्या होत्या. चौघांनी खाल्ल्या होत्या. शुक्रवारी हेलेनसुद्धा जेवायला होती, तिनं तर तीन खाल्ल्या.

कपाळ माझं! घरातल्या सगळ्यांच्या नावानं घातलेल्या मुठी मी वांग्याच्या भाजीबरोबर वाढून टाकल्या होत्या. मी पाटावर बसले आणि रडायला लागले. निवृत्त मुख्याध्यापिका, साठी उलटलेली, आणि पोरीसारखी रडतेय. अक्का पिशवीचा नाडा पुन्हा पुन्हा आवळत होती, त्याची जास्त भीती वाटली. रडणं ऐकून हेमंत दारात येऊन उभा राहिला.

विचारलं ते लीनानं. तिनं हेमंतकडून सगळं समजावून घेतलं आणि म्हणाली, "गहू पुन्हा मोजता येईल का? गहू इथं मिळतो. आणि माझ्या आजीची दळायची चक्की आहे."

मी ते अक्काला सांगितलं. अक्कानं ओले केस मागं बांधले. मग म्हणाली, "आण."

तासाभरात गहू आला. शेजारच्या राज्यातला, लालसर, बारीक. अक्कानं एक दाणा दाताखाली चावून बघितला आणि मान हलवली. चक्की म्हणजे टेबलाला पकडीनं बसवायचं लोखंडी यंत्र, वर पेला, बाजूला दांडा. लीनाच्या पणजीनं फिनलंडहून आणलेलं. हेलेन ती घेऊन आली होती.

"आधी चक्की धुवायची," अक्का म्हणाली.

हेलेन एकदम पुढं झाली. "नाही, नाही! माझी आई सांगायची, हिला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. गंज चढेल. शंभर वर्षांत कुणी धुतलेली नाही."

लीनानं आईकडे बघितलं, मग अक्काकडे. मग तिनं पान्यानं चक्कीचा एकेक भाग सुटा केला, नळाखाली धरून हातानं चोळून धुतला, आणि लगेच सगळे भाग ओव्हनच्या गरम भट्टीत वाळायला ठेवले. हेलेन डोळे मिटून उभी होती. नंतर म्हणाली की तिला घरी काम आहे, आणि निघून गेली.

परातीपुढं अक्का बसली. उजवा हात गव्हात घातला, मूठ वळायला गेली, आणि तोंडातून "आई गं" निघालं. गुरुवारच्या गार पाण्यानं बोटांचे सांधे सुजून टरटरीत झाले होते. मूठ मिटेना.

मी पुढं सरकले. "अक्का, मी घालते."

"तू बाईचं पीठ पोळ्यांत घातलंस. तू हात लावू नको."

हे मला चपराकीसारखं बसलं, मी मागं सरकले. मुठी घरच्या सुनेनंच घालायच्या असतात. सुना त्या खोलीत तीनच : एक अक्का, एक मी, आणि एक भट्टीजवळ हातात फडकं घेऊन उभी.

अक्कानं मान वर केली. "लीना," ती म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदा. "आठे ये."

लीना येऊन मांडी घालून बसली. तिच्या सुताराच्या हातात माझ्या दोन मुठी मावतील. अक्का नावं घ्यायला लागली. "हेमंतना बाप." एक मूठ, वर पाव. लीनानं हळूच मला विचारलं, त्यांना नाव नाही का? मी म्हटलं, आहे, पण अक्का घेणार नाही. मग अक्का स्वतः, मग माझे हे, मी, हेमंत, माझा मुलगा, सून, दोन्ही नातू. नऊ नावं झाली. प्रत्येक नावाला लीना ते नाव पुटपुटायची, तिला पाठ होतं सगळं घर. नऊ झाल्यावर अक्का थांबली.

लीनानं परात सारली. डोळे खाली. हेमंत भिंतीला टेकून उभा होता, त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"थांब," अक्का म्हणाली. "एक मूठ ऱ्हायनी. लीना हेमंत पाटील. टाक."

लीनानं घाईनं मूठ भरली, दाणे बाहेर सांडले. अक्कानं ते स्वतः सुजलेल्या बोटांनी वेचून परातीत टाकले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तठे भडगावले मी तिनी मूठ टाकेल नव्हती. बरं झालं, ते पीठ तू खाऊन टाकलंस."

मी तिला मिठी मारली. हेमंत मागच्या अंगणात निघून गेला आणि बऱ्याच वेळानं नाक पुसत आला. मग पाळीपाळीनं आम्ही तिघांनी दांडा फिरवला, अक्कानं आता मलाही अडवलं नाही. मोठ्या हाताच्या मुठी, त्यामुळे पीठ असं निघालं की दहाजणांच्या नव्हे, चाळीसजणांच्या पंगतीचं वाटावं.

सोमवार, काठावर

रविवारी कानबाई बसली. खिडकीपुढं चौरंग, चौरंगावर नारळ, मागं काचेपलीकडे निळं सरोवर. पुरणपोळ्या झाल्या. लीनाला ताट वाढलं, तिनं चार खाल्ल्या. अक्कानं तिला सगळे नियम सांगितले, मी भाषांतर केलं : हे घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, दुसऱ्याला घास द्यायचा नाही, उरलेलं आपणच संपवायचं. लीनानं प्रत्येक नियमाला मान हलवली.

सोमवारी सकाळी निघायच्या आधी हेलेन आली. शनिवारनंतर पहिल्यांदाच. हातात निळसर जंगली बेरींचा मोठा ‘पाय’, म्हणजे आत फळं भरलेली जाड गोड पोळी, आताच भाजलेली, सगळ्यांसाठी. सगळ्यांना तुकडे दिले, अक्कानंही आनंदानं खाल्ला. मग हेलेनला टेबलावर पुरणपोळीचं ताट दिसलं. "हीच का ती?" म्हणून तिनं सहज हात पुढं केला.

लीनानं ताट मागं ओढलं.

"नाही, आई. हे फक्त घरच्यांसाठी आहे."

हेलेनचा हात तसाच हवेत राहिला. लीनाला आपण काय बोललो ते बोलल्यावर कळलं, तिचा चेहरा लालबुंद झाला, पण ताट तिनं सोडलं नाही. हेलेननं हात मागं घेतला, "बरं, बरं" म्हणाली आणि कोट घालायला लागली. अक्काला शब्द कळले नव्हते. पण ताट कोणी ओढलं आणि कोणापासून ओढलं, ते तिनं बघितलं होतं.

काठापर्यंत सगळे बरोबर चालत गेलो. लीनाच्या डोक्यावर कानबाईचा पाट, अक्का शेजारी. गोट्यांवर मी आणि लीनानं फुगडी घातली आणि दोघी आपटलो. कुत्रं फिरवणाऱ्या एका माणसानं टाळ्या वाजवल्या. आरती झाली. लीना पाण्यात उतरली, नारळ तीनदा बुडवून वर काढला. पाण्यात एक फूलसुद्धा टाकलं नाही, अक्कानंच नको म्हटलं. असलं स्वच्छ पाणी बाईला पण रोज बघायला मिळत नाही, म्हणाली.

हेलेन थोडी लांब, पाठ करून उभी होती. अक्का तिच्याकडे गेली आणि मला खूण करून बोलावलं.

"याहीनबाई," अक्का तिला म्हणाली, "तुनी आंडेर मी लई लिधी. राग नको धरू."

मी सांगितलं : विहीणबाई, तुमची लेक मी घेतली, राग धरू नका.

हेलेन आमच्याकडे वळली. मग शांतपणे म्हणाली, "त्यांना सांगा, तुमचा मुलगा सहा वर्षं दर रविवारी माझ्या टेबलावर जेवतो. आजारी पडला तेव्हा महिनाभर माझ्याकडे होता. मी त्याला वाढताना कधी मुठी मोजल्या नाहीत."

मी अडखळले. हे कसं सांगायचं? हेमंत खाली बघत होता. लीना ओल्या कपड्यांनी जवळ आली होती, ती म्हणाली, "काकू, सांगा. सगळं सांगा." मी शब्दन् शब्द सांगितला.

अक्का हेमंतकडे वळली. "सहा वरीस? दर आयतवारे?"

"हो आई."

"मी तर तठे बसीसन म्हणू, पोऱ्या उपाशी व्हई." भडगावात बसून ती खरंच रोज असं म्हणायची.

आमच्याकडे मुलाची आई मुलीच्या आईपुढं वाकत नाही. लग्नात नाही, बारशात नाही, कधीच नाही. नमस्कार घ्यायचा असतो तो तिनं. माझ्या स्वतःच्या आईनं आमच्या सासूपुढं किती वेळा डोकं टेकलं, ते मी बघितलेलं आहे.

अक्कानं पदर डोक्यावर घेतला, एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि त्या गोट्यांवर हेलेनपुढं हळूहळू गुडघे टेकले.

हेलेन घाबरली. "काय झालं? त्या पडल्या का? काय करतायत त्या?"

"पाया पडतायत तुमच्या," मी म्हटलं, आणि अक्काच्या हाताला धरून तिच्याबरोबर मीही खाली बसले.